सोड्याची गोटी आणि धुण्याची बादली

भिवापूरचं नाव काढलं की पहिल्यांदा आठवते ती मिरची. नागपूरहून उमरेड मागे टाकून पुढे गेलं की हे तालुक्याचं गाव लागतं. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, म्हणजे गावाचं नाव आता कायद्यानेही तिच्या रंगाशी जोडलं गेलं आहे. हंगामात या भागात मिरचीचे सातरे लागतात. सातरा म्हणजे मिरचीचे देठ खुडण्याची जागा. बायामाणसं दिवसभर ढिगाशी बसून देठ खुडतात. बोटांची आग होते, ठसका लागतो, आणि डोक्यावर विदर्भाचं ऊन. अशा वेळी घशाखाली काहीतरी गार, फसफसतं जावं असं कुणाला वाटणार नाही? पानठेल्यावरचा सोडा ही अशा ठिकाणी चैन नसते. तो कष्टाच्या दिवसातला एक विसावा असतो.

आता या सोड्याचा इतिहास सांगायचा तर लोक वायूचा इतिहास सांगतात. वायू कुणी शोधला, बाटली कुणी काढली, कारखाना कुणी घातला. तो मीही सांगणार आहे. पण त्याच्या पोटात दुसरा एक इतिहास दडलेला आहे, तो धुण्याचा. वायूची नळी, रबराचं वायसर, बाटलीचं तोंड, यंत्राची झडप ही कुणी आणि कशी साफ केली, यावर हा धंदा अडीचशे वर्षं उभा आहे आणि यावरच तो वेळोवेळी बसलाही आहे. आपल्याकडे म्हणतात ना, हात फिरे तिथे लक्ष्मी शिरे. ही म्हण सोड्याच्या यंत्राला जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला पडत असेल.

हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आपल्या वाडवडिलांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं, स्वभाव मात्र पक्का ठाऊक होता. जमिनीत खणलेल्या पेवात धान्य साठवत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्धच आहेत. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे. ते काही वेळ उघडं ठेवायचं, मग दिवा सोडून पाहायचा. दिवा विझला तर माणूसही विझणार, हा हिशेब. जुन्या विहिरीत उतरतानाही तेच. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो, म्हणून तो तळाशी साचतो. मोहाची फुलं आंबायला घातली की मडक्यात जे बुडबुडे उठतात, तेही याच वायूचे. म्हणजे वायू आपल्या पायाखाली होता आणि मडक्यातही होता. तो पाण्यात कोंडून प्यायची कल्पना मात्र निघाली ती सातासमुद्रापलीकडे, आणि तीही बीअरच्या पिंपावर.

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात १७६७ साली जोसेफ प्रीस्टली नावाचा धर्मोपदेशक राहायला आला. त्याच्या घराला लागून बीअरची भट्टी होती. आंबणाऱ्या बीअरच्या पिंपावर जड हवेचा एक थर तरंगत असतो आणि त्यात पेटती काडी नेली की विझते, हे त्याच्या ध्यानात आलं. आपल्या पेवातल्या दिव्याचीच ही गोष्ट. प्रीस्टलीने पुढचं पाऊल टाकलं. त्या थरात दोन भांडी धरून तो पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहिला. थोड्याच वेळात पाण्याला आंबूस, झिणझिण्या आणणारी चव आली. १७७२ साली त्याने ही कृती छापून प्रसिद्ध केली. खलाशांचा स्कर्व्ही रोग या पाण्याने बरा होईल अशी त्याला आशा होती. ती खोटी ठरली, कारण स्कर्व्हीवर उपाय लिंबाचा, बुडबुड्यांचा नव्हे. पण सोडावॉटरचा जन्म झाला तो असा, बीअरच्या वाफ्यावर.

आणि जन्माबरोबरच पहिलं भांडण झालं, ते स्वच्छतेवरून! प्रीस्टलीने घरगुती कृतीसाठी जे उपकरण सुचवलं, त्यात खडूच्या भुकटीवर तेजाब टाकून वायू काढायचा आणि तो जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीतून दाबून पाण्यात सोडायचा, अशी योजना होती. रबरी नळ्यांचे ते दिवस नव्हते, तेव्हा लवचिक आणि हवाबंद अशी वस्तू हीच. जॉन मर्विन नूथ नावाच्या डॉक्टराने १७७५ साली एक काचेचं उपकरण जगापुढे मांडलं आणि तक्रार केली, की त्या पिशवीमुळे पाण्याला मूत्राचा वास लागतो. प्रीस्टलीला हे झोंबलं. पण काच जिंकली. काच जिंकली याचं कारण ती दिसायला सुंदर होती हे नव्हे, ती धुता येत होती हे होतं. वायूचा रस्ता ज्या वस्तूचा, त्या वस्तूचा वास पेयाला लागणार. सोड्याच्या धंद्यातला हा पहिला धडा, आणि आजच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांनाही तो तसाच लागू आहे.

जेकब श्वेप या जर्मन वंशाच्या कारागिराने १७८३ साली जिनिव्हात सोडावॉटरचा धंदा उभा केला आणि १७९२ मध्ये तो लंडनला आला. पंपाने दाबून वायू पाण्यात मुरवायचं तंत्र आता कारखान्याचं झालं. एकोणिसाव्या शतकातला सोडा कारखाना कसा असे, ते पाहण्यासारखं आहे. शिशाचं अस्तर लावलेल्या भांड्यात खडू किंवा संगमरवराची पूड, त्यावर गंधकाचं तेजाब. निघालेला वायू आधी पाण्यातून सोडून 'धुवायचा', म्हणजे त्यातले तेजाबाचे कण उतरतात. मग तो टाकीत साठवायचा, पंपाने तांब्याच्या गोलात दाबायचा आणि पाण्याबरोबर घुसळायचा. बघा, वायूसुद्धा धुवावा लागत असे!

त्यातला तांब्याचा गोल हा मोठा नाजूक विषय. वायू पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं, आणि आम्लाला तांबं चालत नाही. ताकाला तांब्याच्या भांड्यात ठेवू नये, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. तेच इथे. म्हणून गोलाला आतून कथिलाचा मुलामा असे, म्हणजे आपली कल्हईच. कल्हई उडाली की पाण्यात तांबं उतरणार, सांध्यांतलं शिसं उतरणार. घरची पितळी पातेली कल्हईवाल्याकडे वेळच्या वेळी जात, कारण ती रोज डोळ्यांसमोर असत. कारखान्यातला बंद गोल कुणाच्या डोळ्यांसमोर? तो उघडून पाहणारा मालक आणि न पाहणारा मालक, यांच्या सोड्यात फरक होता. तो फरक गिऱ्हाइकाला दिसत नव्हता, एवढंच.

मुंबई इलाख्यात हा धंदा रुजवला तो मुख्यतः पारशी मंडळींनी. पालनजींचा कारखाना १८६५ चा. पुण्यात अर्देशीर यांचा १८८४ चा. १८८९ साली दिनशाजी पांडोळे या क्रिकेटवेड्या गृहस्थाने मुंबईत ड्यूक्स सुरू केलं, आणि क्रिकेटच्या चेंडूंच्या छापावरून पेयाला नाव मिळालं. रास्पबेरी, जिंजर, आइस्क्रीम सोडा ही नावं मराठी माणसाच्या तोंडी बसली ती या घराण्यांमुळे.

काळ कोणता होता, तेही ध्यानात घ्या. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून केवढं ग्रामण्य माजलं! टिळक, रानडे यांच्यासारख्यांपर्यंत प्रायश्चित्ताचा प्रश्न पोचला. पाणी कुणाच्या हातचं, हा त्या वेळी जातीचा प्रश्न होता. त्या हाताने बाटली कसल्या पाण्यात विसळली, हा आरोग्याचा प्रश्न त्यामानाने मागेच पडला.

बाटलीचाही एक इतिहास आहे. दाबाखालच्या पाण्याला बूच कसं बसवायचं, ही मोठी अडचण. बूच सुकलं की आकसतं आणि वायू निसटतो. विल्यम हॅमिल्टनने १८०९ साली यावर तोड काढली, तळ गोल असलेली, अंड्यासारखी बाटली. ती उभी राहतच नाही, आडवीच लोळते, आणि त्यामुळे बूच कायम ओलं राहतं. साधी पण किती हुशार युक्ती! पण खरी क्रांती केली ती हायरम कॉड या लंडनच्या अभियंत्याने. १८७२ मध्ये त्याची गोटीची बाटली पूर्णत्वाला आली. तिला बूच नाही, झाकण नाही, तार नाही. मानेत एक काचेची गोटी, तोंडाशी खाचेत बसवलेलं रबरी वायसर. बाटली यंत्राच्या चौकटीत धरून उलटी करून भरायची. भरली की गोटी वायसरवर येऊन बसते, आणि आतला वायूच तिला तिथे घट्ट दाबून धरतो. म्हणजे जो पळायला बघतो, त्यालाच दाराशी पहारेकरी केलं. पिण्यासाठी लाकडी दट्ट्याने गोटी आत ढकलायची. फट्ट असा आवाज, आणि गोटी मानेतल्या चिमट्यात जाऊन अडकते.

या बाटलीने जग जिंकलं. जपानमध्ये ती रामुने नावाने राहिली, दिल्लीत बंटा झाली, आणि आपल्याकडे गोटी सोडा. वर्तमानपत्रांनी तिला आणखी एक प्रसिद्धी दिली. दंगलीच्या बातमीत 'सोडावॉटरच्या बाटल्यांचा मारा' हे शब्द आपण किती वेळा वाचले आहेत! या बाटलीच्या अंगातला दाब भरणाऱ्यालाही इजा करू शकत असे. तडा गेलेली बाटली भरताना फुटे. इंग्लंडमध्ये १९२१ च्या नियमांनी सोडा भरणाऱ्यांना चेहऱ्यासाठी आडोसा आणि हातांसाठी मोजे देणं मालकावर बंधनकारक केलं. आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांत गोणपाटाचा तुकडा हाच मोजा, आणि डोळ्यांची काळजी देवावर.

नागपूरला रेल्वे १८६७ साली पोचली. नागपूर ते नागभीड ही भिवापूरवरून जाणारी नॅरोगेज १९०८ साली सुरू झाली आणि ती छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ पर्यंत धावत राहिली. मुंबईपासून इतक्या आत असलेल्या गावांना सोड्यासाठी जे लागतं त्यातलं पाणी तेवढं गावचं. काच बाहेरची, रबर बाहेरचं, यंत्र बाहेरचं, वायूसुद्धा बाहेरचा. त्यामुळे अशा गावी एक वायसर तुटलं, तर नवं मिळेपर्यंत जुनंच उलटून लावायचं, हा मार्ग स्वाभाविकच मोहाचा. आणि इथेच गोटीच्या बाटलीचं खरं दुखणं सुरू होतं.

कॉडने ही बाटली फार हुशारीने बनवली, पण धुणाऱ्याचा विचार करून नव्हे. मानेत चिमटा, त्यात गोटी, त्यामुळे ब्रश सरळ तळापर्यंत जात नाही. वायसर खाचेत बसलेलं, त्याच्या मागे साखरेचा ओलावा मुरतो. साखर, ओल आणि उष्णता ही तिन्ही एकत्र आली की बुरशीला आवतण द्यावं लागत नाही. बाहेरून बाटली लखलखीत, आणि वायसरच्या पाठीमागे काळी रेघ. खरी सफाई म्हणजे वायसर हुकाने काढायचं, खाच घासायची, बाटली कोमट कॉस्टिकच्या पाण्यात भिजवायची, गोटी हलवत स्वच्छ पाण्याने पुन्हापुन्हा विसळायची आणि मग वायसर बसवायचं. शंभर बाटल्यांचं हे काम करायला किती वेळ लागेल, याचा अंदाज करा. आणि बाटलीमागे सुटणारा नफा किती, तोही आठवा. म्हणून पुष्कळ ठिकाणी काय होत असे? एक बादली पाणी, तीत सगळ्या बाटल्यांची बुचकळी. सकाळी स्वच्छ असलेलं पाणी दुपारी काय होत असेल, ते सांगायला नको.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सोडा आम्लधर्मी असतो, त्यात पटकीचे जंतू तग धरत नाहीत, हे खरं आहे. पटकीच्या साथींच्या काळात सोडावॉटरवर लोकांचा भरवसा बसला त्याला थोडाफार आधार होता. पण वायू राखण करतो ती बाटलीच्या आतल्या पाण्याची. ओठ लागतात ते बाटलीच्या तोंडाला. तिथे ना दाब, ना आम्ल. गोटी आत ढकलताना दट्ट्याला लागलेली घाणही बरोबर आत जाते. म्हणजे आतलं पाणी निर्मळ आणि उंबरठाच घाणेरडा, असा प्रकार.

अमेरिकेत १८९२ साली विल्यम पेंटरने पत्र्याच्या बुचाचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या क्राउन बुचाचं पेटंट घेतलं. हे बूच एकदाच वापरायचं. त्यामुळे वायसर धुण्याचा प्रश्नच मिटला, आणि बाटलीच्या सरळ मानेतून ब्रश जाऊ लागला. गोटीच्या बाटलीचा पाश्चात्त्य देशांतला अवतार त्यानंतर संपत गेला. आपल्याकडे १९५५ च्या फ्रूट प्रॉडक्ट्स ऑर्डरने गोड सोड्याच्या कारखान्यांना परवाना आणि स्वच्छतेच्या अटी लागू केल्या. १९७७ मध्ये कोका-कोला देश सोडून गेली, थम्स अप आलं. १९९३ मध्ये कोका-कोला परतली. १९९४ मध्ये ड्यूक्स पेप्सीकडे गेलं. मग आल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. तालुक्याच्या गावातला गोटी सोडा मागे पडला तो जाहिरातीमुळे, हे आपण नेहमी म्हणतो. ते खरंच आहे. पण अर्धंच खरं. सीलबंद बाटलीने गिऱ्हाइकाला एक गोष्ट न बोलता सांगितली होती, की हिला तुझ्याआधी कुणी तोंड लावलेलं नाही.

आता वायूकडे वळू. खडू-तेजाबाचं भांडं जाऊन त्याच्या जागी आला लोखंडी सिलिंडर. दाबाखाली हा वायू द्रवरूप होतो, हे फॅरडेने १८२३ सालीच दाखवलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो सिलिंडरमध्ये भरून विकला जाऊ लागला. सोय मोठी झाली, पण विदर्भासाठी यात एक खोच आहे, ती समजून घ्या. हा वायू ३१ अंश सेल्सिअसपर्यंतच द्रवरूपात राहू शकतो. त्यावर कितीही दाब दिला तरी तो द्रव राहत नाही. पंचवीस अंशांच्या खोलीत सिलिंडरमधला दाब सुमारे ६४ बार, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या पंचवीस-तीसपट. नवतपात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. पूर्ण भरलेला सिलिंडर तशा उन्हात ठेवला तर दाब शंभर बारच्या पुढे जातो. म्हणून तो काठोकाठ भरायचा नसतो, त्यात जागा राखावी लागते. म्हणूनच त्याला सावली लागते, आणि उभं करून साखळीने बांधावं लागतं. पडला आणि डोक्यावरचा व्हॉल्व्ह तुटला, तर तो सिलिंडर राहत नाही, तोफगोळा होतो.

दुसरी गंमत मीटरची. सिलिंडरमध्ये द्रव शिल्लक आहे तोवर मीटरचा काटा जागचा हलत नाही. निम्मा वायू संपला तरी दाब तेवढाच. काटा पडू लागला की समजायचं, आता गाशा गुंडाळायची वेळ झाली. म्हणून जाणता सोडेवाला मीटर बघत नाही, सिलिंडर वजनकाट्यावर चढवतो. रिकाम्याचं वजन सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेलंच असतं. त्याच्या शेजारी चाचणीची तारीखही असते. दर पाच वर्षांनी सिलिंडर पाण्याच्या दाबाखाली तपासून घ्यावा लागतो. १९४०, १९८१, २००४ आणि २०१६ अशा टप्प्यांनी देशात गॅस सिलिंडरचे नियम आले. त्यांची अंमलबजावणी पाहणारी पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, तिचं मुख्यालय कुठे आहे? आपल्या नागपुरात! १८९८ साली स्थापन झालेल्या या खात्याचा कारभार देशभर चालतो, आणि भिवापूर त्याच्याच जिल्ह्यात. दिव्याखाली अंधार राहू नये, एवढीच अपेक्षा.

पाण्याचाही एक नियम आहे. गार पाणी वायू जास्त पितं. चाळीस अंशांचं पाणी बर्फाच्या पाण्याच्या जेमतेम एक तृतीयांश वायू धरतं. म्हणून कोमट पाण्यावर दाब वाढवत बसण्यापेक्षा पाणी गार करणं शहाणपणाचं. यंत्र झिजत नाही, वायसर फाटत नाही आणि सोडाही ग्लासात पडताच मरत नाही.

जिथून हा वायू निघाला, ती बीअर एका वेगळ्या वाटेने महाराष्ट्रात परत आली आहे. २००९ साली पुण्यात डूलली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि ताजी बीअर पिंपातून, वायूच्या दाबाने, थेट नळाला येऊ लागली. परदेशात तर घरच्या घरी बीअर करून ती स्टीलच्या छोट्या पिंपात भरणारे हौशी लोक हजारोंनी आहेत. आपल्याकडे विनापरवाना दारू गाळणं किंवा बीअर बनवणं हा १९४९ च्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय वर्धा आणि १९९३ पासून गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, आणि भिवापूरला लागून असलेल्या चंद्रपुरात २०१५ ते २०२१ बंदी होती. तेव्हा तो विषय इथेच ठेवू. पण त्या हौशी लोकांनी वायूच्या सामानाच्या सफाईचं जे शास्त्र बसवलं आहे, ते आपल्या गावच्या सोड्याच्या गाडीला जसंच्या तसं उपयोगी आहे. कारण पिंप बीअरचं असो की जिरा-सोड्याचं, आतले भाग तेच: सिलिंडर, रेग्युलेटर, वायूची नळी, एकाच दिशेने उघडणारी झडप, वायसर आणि नळ.

त्यांचा पहिला नियम ऐकण्यासारखा आहे. सगळे लोक पेयाची नळी धुतात, वायूची नळी कुणी धूत नाही. कोरड्या नळीला काय धुवायचं, असं वाटतं. पण पिंप जास्त भरलं, आडवं झालं किंवा सिलिंडर संपून दाब उतरला, की पिंपातला दाब उलटा फिरतो आणि गोड पेय वायूच्या नळीत चढतं. दिसत नाही, पण आत चिकटतं, आंबतं, बुरशी धरतं. मग दुसऱ्या दिवशी प्रत्येक ग्लासातला वायू त्या बुरशीवरूनच येतो. उलटं पाणी अडवणारी झडप हाच त्यावर उपाय, पण झडपही चिकटते, तीही काढून धुवावी लागते. आणि वायूच्या यंत्राजवळ कुठे तांब्याची नळी असेल, तर ती काढून टाकायची. आम्लाने तांबं सोड्यात उतरतं आणि पिणाऱ्याला उलट्या होतात. कारखान्यातल्या कल्हईचीच ही गोष्ट, फक्त दीडशे वर्षांनंतरची.

दुसरा नियम क्रमाचा. आधी सिलिंडर बंद करायचा, मग अडकलेला दाब सोडायचा, मगच पाना हातात घ्यायचा. दाब असताना जोड सैल करणं म्हणजे कुकरची शिट्टी न काढता झाकण उघडणं. सुटे भाग आधी साध्या पाण्याने विसळायचे, मग कोमट अल्कलीच्या पाण्यात भिजवायचे, म्हणजे साखर आणि चिकटा सुटतो. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरा थर धरतो. तो अल्कलीने जात नाही, त्याला अधूनमधून सौम्य आम्ल लागतं. प्रत्येक पायरीनंतर भरपूर पाणी. शेवटी जंतुनाशक. ब्लीचिंगचं पाणी आणि आम्ल कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. ब्लीचिंग स्टीललाही खातं, तेव्हा ते भिजवून विसरायचं नाही. पेयाच्या नळ्यांना ही आंघोळ दर पंधरवड्याला हवी, असा बीअरवाल्यांचा दंडक आहे. उन्हाळ्यात साखरेच्या सोड्याला त्याहून लवकर.

तिसरा नियम रबराचा. रबर वास धरून ठेवतं. संत्र्याच्या सोड्यातलं वायसर जिऱ्याच्या यंत्राला लावलं तर जिऱ्याला संत्र्याचा वास येतो. भेगाळलेलं वायसर आवळून घट्ट करण्यात अर्थ नसतो, ते बदलायचं. आणि सगळं जोडून झालं की साबणाच्या पाण्याचा फेस प्रत्येक सांध्यावर लावायचा. बुडबुडा फुगला की गळती तिथेच. गळती म्हणजे नुसता पैशाचा तोटा नव्हे. बंद खोलीत हा वायू साचला तर माणूस बेशुद्ध पडतो, कारण तो पेवातलाच वायू आहे. तेव्हा यंत्र ठेवायचं ते खिडकी-दार उघडं असलेल्या जागी.

हे सगळं करायला लाखाचं सामान लागत नाही. दोन बादल्या, तीन ब्रश, एक पाना, साबण आणि वायसरांची पुडी. लागतो तो वेळ. आणि वेळ देणारा माणूस. सोड्याच्या इतिहासात प्रीस्टलीचं नाव आहे, श्वेपचं आहे, कॉडचं आहे. बाटल्या धुणाऱ्यांपैकी एकाचंही नाव नाही. पुष्कळदा ती कारखान्याच्या मागच्या अंगणात बसणारी बाई असे, किंवा शाळेऐवजी कामावर आलेला पोरगा. बाटलीवर मालकाचं नाव काचेतच उठवलेलं असे. त्या नावाची अब्रू मात्र या बिननावाच्या हातांत.

गोटी सोड्याला अलीकडे पुन्हा बरे दिवस आले आहेत. शहरांत तो हौसेने पितात. मार्च २०२५ मध्ये तर केंद्र सरकारच्या वाणिज्य खात्याने 'गोली पॉप सोडा' अमेरिका, इंग्लंड आणि आखाती देशांत निघाल्याचं अभिमानाने जाहीर केलं. चांगलंच झालं. परदेशात जाणारी बाटली तपासून जाईल यात शंका नाही. प्रश्न आहे तो सातऱ्यावरून उठून, हात धुऊन, पानठेल्याशी येणाऱ्या बाईच्या ग्लासाचा. तिथे तपासणारा अधिकारी रोज येऊ शकत नाही. तिथे गिऱ्हाइकानेच बघायला हवं. सिलिंडर सावलीत बांधलेला आहे का? नळाच्या तोंडाशी काळी रेघ आहे का? ग्लास विसळायच्या बादलीतलं पाणी केव्हाचं आहे? विचारायला लाजायचं काही कारण नाही. आणि ज्या ठेल्यावर वायूची नळीसुद्धा धुतात, तिथल्या सोडेवाल्याला दोन रुपये जास्त द्यायलाही हरकत नाही. ते पैसे सोड्याचे नसतात. धुण्यात गेलेल्या त्याच्या वेळाचे असतात.